अर्जुनाखालची सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे, आणि मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. तुम्ही म्हणाल, सतरंजीला कसला आलाय धक्का? तिला झटका, आपटा, उन्हात टाका, ती हूं की चूं करत नाही. खरं आहे. आपटून घ्यायची मला जन्माची सवय आहे. पण मागच्या वसंतात नर्मदेच्या काठी मी जे पाहिलं, ते आठवलं की आजही माझा धागा न् धागा ताठ होतो.

माझा जन्म अमरावतीकडच्या एका मागावर झाला. जाड सूत, लाल-निळे पट्टे, आणि ठोकून ठोकून बसवलेली वीण. विणणाऱ्याने शेवटची गाठ मारली आणि माझ्यावर उभं राहून चक्क दोन उड्या मारल्या. "घट्ट आहे," तो म्हणाला. माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी. पुढे इंदिरा नावाच्या मुलीच्या रुखवतात मी मांडली गेले. पाहुण्यांनी कौतुक केलं ते लाडवांचं, आणि बसले मात्र माझ्यावर!

इंदिराबरोबर मी जबलपूरला आले. तिचे यजमान विष्णुपंत रांझीच्या कारखान्यात नोकरीला होते. त्यांच्या क्वार्टरमध्ये मी कधी अंगणात असे, कधी शेजाऱ्यांच्या लग्नात, तर कधी चैत्रातल्या हळदीकुंकवाला. सतरंजीची जागा सगळ्यांच्या खाली. लोकांना वाटतं, तिला बिचारीला नुसते तळवे दिसत असतील. तसं मुळीच नाही. घरात मला छत दिसतं आणि बाहेर आभाळ. जो जन्मभर उताणा पडून राहतो, त्याला वरचं सगळं दिसतं. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

होळीनंतरचा रविवार हा माझा सण. त्या दिवशी घरातले सगळे तिलवाराच्या पुढे नदीकाठी रोडगे करायला जात. अर्जुनाचं एक मोठं झाड होतं, पांढुरक्या खोडाचं. तीच आमची ठरलेली जागा. गौऱ्या पेटवायच्या, निखाऱ्यांत कणकेचे जाड रोडगे भाजायचे, त्याच आचेवर वांगी खरपूस करायची. शेजारपाजारचे या जेवणाला गक्कड-भरता म्हणत. ते तसं म्हणाले की इंदिरा हटकून म्हणे, "गक्कड नाही जी, रोडगे!" मुलं थंड वाळूत टरबूज पुरून ठेवत, पळसाची फुलं वेचत, गुडघाभर पाण्यात डुंबत. जेवणं झाली की सगळं घर माझ्यावर आडवं होई. तुपाचे डाग पडत, वाळू घुसे, कुणीतरी घोरे. सुख म्हणतात ते हेच, असं मला तेव्हा वाटे आणि अजूनही वाटतं.

विष्णुपंतांची एक रीत होती. गौऱ्या रचून झाल्या की ते चपला काढत, हात जोडत, आणि नजर वर ठेवून झाडाभोवती एक सावकाश फेरी मारत. मगच म्हणत, "चलो, पेटवा." त्यांचा लहानगा अच्युतही हात जोडून त्यांच्या मागोमाग फिरे. झाडाला काय करायचा एवढा नमस्कार, असं म्हणून सगळे हसत. विष्णुपंतही हसत, पण फेरी चुकवत नसत.

काळ कुणासाठी थांबत नाही. अच्युतचं लग्न झालं, नंदा सून म्हणून आली, अक्षत आणि सलोनी झाली. मदन महलकडे नवीन घर झालं. मग विष्णुपंत गेले. रोडग्यांचा रविवार बंद पडला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. बाजारातून गुलाबी प्लॅस्टिकची चटई आली. पुसली की स्वच्छ, म्हणून तिचं काय ते कौतुक! इकडे अंधारात उंदरांनी माझं एक टोक कुरतडलं. नंदाने ते पाहिलं, कात्री घेतली आणि माझं ते टोक चांगलं हातभर कापून टाकलं! कापलेल्या तुकड्याचं दारात पायपुसणं झालं. उरलेली मी पुन्हा माळ्यावर.

मागच्या वर्षी होळी झाल्यावर अच्युतच्या मनाने घेतलं की बाबांची रीत पुन्हा सुरू करायची. गाडीत गौऱ्या ठेवल्या, पिठाचा डबा ठेवला, गुलाबी चटई ठेवली. तिथे इंदिरा, म्हणजे आता सगळ्यांची आजी, दारातच अडून बसली.

"ही चटई काहून घेऊन राहिला रे? मी नाही बसत त्याच्यावर. गुडघे सोलून निघतात. माझी सतरंजी काढ."

"आजी, वो बहुत भारी है," अक्षत म्हणाला. "गाड़ी में जगह नहीं है."

"मग मले ठेव घरी आणि गौऱ्या घेऊन जा."

झालं, मी गाडीत आले! कापलेली, धुळीने माखलेली, पण आले. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू.

गाडी वरच्या रस्त्यावर उभी राहिली. नंदा वांगी धुवायला नदीवर गेली. आजी सलोनीचा हात धरून पाय ओढत हळूहळू येत होती. अक्षतने मला झाडाखाली फेकल्यासारखं अंथरलं. पाठ टेकली आणि मी सवयीने वर पाहिलं. तीच फांदी, तोच आभाळाचा तुकडा. नदीकडच्या बाजूला खोडाआड काळी सावली दिसली. मला वाटलं, पानांची असेल. मग ती सावली हलली.

मित्रांनो, ती सावली नव्हती. ते आग्या मोहोळ होतं, सुपाएवढं. हजारो माश्या एकमेकींना लगडून लटकत होत्या आणि त्यांच्या अंगावरून लाट गेल्यासारखी थरथर जात होती. खाली अच्युत गौऱ्या रचत होता, अगदी त्याच्याखाली!

मी ओरडले. पण सतरंजीचं ओरडणं कोण ऐकणार?

मग मला आठवलं, अजून फेरी व्हायची आहे. अच्युत झाडाभोवती फिरेल, नजर वर करेल आणि त्याला दिसेल. माझा जीव भांड्यात पडला. अच्युतने चपला काढल्या. हात जोडले. झाडाभोवती चालू लागला. आणि डोळे मिटले! डोळे घट्ट मिटून, मान खाली घालून, ओठांत बाबांचं नाव घेत तो चालत होता. खोडाला एका हाताने चाचपत त्याने फेरी पूर्ण केली. नदीकडच्या बाजूने गेला, मोहोळाच्या थेट खालून गेला, आणि त्याने पाहिलं नाही. माझा विश्वासच बसेना.

"पापा, एक बार और, रील के लिए," मोबाइल समोर धरून अक्षत म्हणाला. अच्युतने पुन्हा डोळे मिटले. मग डोळे पुसत तो म्हणाला, "चलो, पेटवा."

धूर सरळ वर गेला. तेवढ्यात आजी येऊन माझ्यावर बसली, पाय पसरले आणि "हाय रे बापा" करत सुस्कारा सोडला. सलोनी तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. माझ्या निळ्या पट्ट्यावर टपकन एक माशी पडली. मग दुसरी. मग वरून असा आवाज आला, जणू आभाळच फाटलं.

"पळा!" अच्युत ओरडला. त्याने अक्षतचा दंड धरला आणि रस्त्याकडे धावत सुटला. नंदा नदीवरूनच पदर डोक्यावर घेऊन गाडीकडे पळाली. नंदाला वाटलं सलोनी बापाजवळ आहे. अच्युतला वाटलं ती आईजवळ आहे. आई तर मागोमाग येतच असेल, असंही त्याला वाटलं. जी बाई हाताला धरल्याशिवाय उठू शकत नाही, ती मागोमाग येत असेल! हे सगळं मला पुढे घरी कळलं, नंदा रडत रडत सांगायची तेव्हा. त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की माझ्यावर एक म्हातारी बाई आणि एक लहान मुलगी आहे, आणि बाकीच्यांची पाठ दिसते आहे.

आजीने उठायचा प्रयत्न केला. उठता येईना. मग तिने जे केलं ते मी कधी विसरणार नाही. तिने सलोनीला पोटाशी दाबलं, कुशीवर लोळत माझ्या कडेला गेली आणि मला दोन्ही हातांनी ओढून दोघींच्या अंगावर घेतलं.

"सलोनी, हालू नको. तोंड माह्या पोटाशी ठेव."

"आजी, मम्मी कहाँ है?"

"येऊन राहिली, बेटा. तू डोळे मीट."

माश्या माझ्यावर तुटून पडल्या. त्या मागवाल्याने मला ठोकून ठोकून विणलं होतं ते त्या दिवशी कामी आलं. नांग्या माझ्यात रुतत होत्या, पण आरपार जात नव्हत्या. आयुष्यभर मी माणसांच्या खाली राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या वर होते.

पण मी पुरले नाही. सलोनीला डोक्यापासून पायापर्यंत झाकलं तर आजीचा एक हात आणि खांदा उघडा राहत होता. आजीने मला दोनदा ओढून पाहिलं. मग तिने ओढणं सोडलं आणि माझी कड सलोनीच्या बाजूने घट्ट दाबून धरली. तिचा तो उघडा हात मी पाहत होते. तिथे मी असायला हवी होते. माझा तेवढाच तुकडा मदन महलच्या घरी दारात पडून होता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग गाडीचा आवाज आला. अच्युतने ती शेतातून थेट झाडापर्यंत आणली होती. अंगावर गाडीचं कव्हर घेऊन तो उतरला, आणि माझ्यासकट दोघींना आत ओढलं. सलोनीला दोन-तीनच माश्या चावल्या होत्या. आजी मात्र बोलत नव्हती. अच्युत गाडी चालवत होता आणि एकसारखा म्हणत होता, "मी माझ्या पोरीला सोडून पळालो. मी आईला सोडून पळालो."

आजी बरेच दिवस दवाखान्यात राहिली. मग ती घरी आली, हात अजून सुजलेला होता. अच्युत तिच्या पायाशी बसला.

"आई, मी नमस्कार केला होता ग. फेरीही मारली. अगदी बाबांसारखी."

"कशी मारली?"

त्याने हात जोडून, डोळे मिटून दाखवलं.

"डोळे काहून मिटले रे? तुझे बाबा कुठं मिटत होते? हात झाडाले जोडायचे आणि डोळे फांद्यांवर ठेवायचे. मोहोळ आहे का ते पाहून राहायचे ना ते! लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी विचारलं होतं त्यांना."

इतकी वर्षं अच्युत बापाच्या मागे फिरला होता, पण त्याने पाहिले होते फक्त जोडलेले हात. लहान मुलाला मागून बापाचे डोळे कुठून दिसणार? आणि विचारावं असं त्याच्या कधी मनात आलं नाही.

त्याच दुपारी नंदाने दारातलं पायपुसणं उचललं. घासून धुतलं, वाळवलं आणि माझ्या टोकाला परत शिवलं. त्याचा रंग पार उडालाय, माझ्याशी जुळत नाही. पण मी पुन्हा पुरी झाले. आता मी माळ्यावर नसते. महिन्यातून एकदा मला ऊन दाखवतात.

यंदा होळी झाली आणि नदीवर जायचं नावही कुणी काढेना. आजीनेच काढलं. "भिऊन घरी बसायचं असेल तर मग वसंत कायले येतो?" झालं, सगळे निघाले.

अर्जुनापाशी अच्युतने गौऱ्या उतरवल्या खऱ्या, पण त्या हातातच धरून उभा राहिला. तेव्हा सलोनीने मला ओढत आणलं, झाडाखाली पसरलं, आणि माझ्यावर उताणी पडली. अगदी माझ्यासारखीच. डोळे टक्क उघडे. तिला जे दिसत होतं तेच मला दिसत होतं. नदीकडच्या बाजूला, खोडाआड, तीच काळी सावली. माश्या पुन्हा त्याच झाडावर आल्या होत्या.

गेल्या वर्षी मी किती ओरडले होते! यंदाही ओरडले. आणि या वेळी माझ्या अंगावरून खरोखरच आवाज आला, हळू पण स्पष्ट.

"पापा, काडी पेटवू नका. वर आहे."

कुणी पळालं नाही. गुपचूप सगळं उचललं, आजीला दोघांनी धरलं, आणि आम्ही लांब उघड्या वाळूवर गेलो. तिथे सावली नव्हती आणि रोडग्यांत वाळू कचकचत होती. पण सगळ्यांनी ते पोटभर खाल्ले.

मित्रांनो, घरातली जुनी माणसं आणि जुन्या वस्तू अडगळ म्हणून कापून टाकू नका. मोठ्यांचे हात कसे जोडलेले होते ते शिकताना त्यांचे डोळे कुठे होते तेही विचारून घ्या, ते आहेत तोवर. आणि झाडाखाली चूल मांडायच्या आधी एकदा माझ्या शेजारी येऊन पडा. मला बोलता येत नाही. माझ्या वतीने तुम्हालाच बोलावं लागेल.