तीन जोड आणि एक बोंबल्या मिक्सर

"अहो मिस्त्री, हे दुकान आहे, गिरणी नाही!" दुकानदारीणबाई ओरडल्या.

मिस्त्री मात्र डोळे मिटून स्वस्थ उभे होते. त्यांच्या दोन्ही कानांत इअरफोन होते आणि समोर काउंटरवर, मोबाइलच्या रंगीबेरंगी कव्हरांच्या मधोमध, घरून काखोटीला मारून आणलेला मिक्सर थडथडत होता. तो त्यांनी मुद्दाम निवडून आणला होता. दुरुस्तीला आलेल्यांमधला हा सगळ्यात बोंबल्या, बेअरिंग पार कामातून गेलेलं. आवाज अडवणारे इअरफोन घ्यायचे तर आवाजही तसाच तोलामोलाचा हवा, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

दुकानाच्या दारात बघे जमायला लागले, तेव्हा बाईंनी हात लांब करून प्लगच उपटला.

"झालं समाधान?"

"झालं की." मिस्त्रींनी कानातून वायर काढली. "हाही एक नंबर. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही."

"मघाच्या दोन्ही जोडांनाही हेच म्हणालात."

"मग तिन्ही एक नंबर. त्यातला स्वस्त तो द्या."

बाईंनी कपाळावर हात मारला. "तिन्ही सारखे कसे असतील? हा काळा, साध्या रबरी बोंडांचा. गाणी ऐकायला ठीक आहे, बाहेरचा आवाज काही फारसा थांबत नाही त्यानं. हा दुसरा, एकावर एक तीन रबरी टोप्यांचा. कानात घट्ट बसतो, पण आवाज जरा घुमतो. आणि हा तिसरा, स्पंजच्या बोंडांचा. बोंड चिमटीत दाबायचं, कानात घालायचं, की ते आत फुगतं आणि कान बंद. किमतीत म्हणाल तर एकोणीस-वीसचाच फरक. कोणाला हवेत?"

"बायकोला."

"कसला आवाज अडवायचाय तिला?"

मिस्त्रींनी मिक्सरकडे बोट दाखवलं आणि, खोटं बोलायची सवय नसल्यामुळे, मग स्वतःकडेही दाखवलं.

बाई हसता हसता खुर्चीत टेकल्या. "नवऱ्याची कटकट नको म्हणून कान बंद करणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या. पण त्यासाठी नवराच खरेदीला आला, हे काही पाहिलं नव्हतं!"

मिस्त्रीही हसले, पण ते आपलं वरवरचं. बाईंच्या घरचा मिक्सर त्यांनीच जिवंत ठेवला होता, त्या ओळखीवर त्यांनी दुकानातले नमुन्याचे तिन्ही जोड संध्याकाळपुरते मागून घेतले. दुसऱ्याच्या कानातलं घालायचं नाही म्हणून बाईंनी नवी बोंडंही बसवून दिली.

त्याचं असं होतं. मिस्त्रींचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत त्यांचं दुरुस्तीचं टेबल, आतल्या खोलीत बायकोचं टाइपिंगचं, आणि मध्ये एक पडदा. हॉस्पिटलातले डॉक्टर आपले रिपोर्ट तोंडी बोलून ठेवत. ते ऐकून बायको ते टाइप करी. टेबलाखाली तिच्या पायाशी एक पायडल होतं. दाबलं की डॉक्टर बोलणार, पाय उचलला की गप्प. मिस्त्रींना गप्प करणारं पायडल मात्र अजून निघायचं होतं. हात कामाला लागले की त्यांचं तोंडही सुरू होई. हातातल्या मिक्सरचं दुखणं, त्याच्या मालकिणीचा स्वभाव, नळाला येणारं पाणी, काहीही. गल्लीत त्यांना 'रेडिओ' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

गेल्या आठवड्यात या रेडिओनं घात केला. एका आजोबांच्या गुडघ्याचा रिपोर्ट होता. सांध्याची झीज, सूज, हालचाल कमी, सगळं व्यवस्थित. आणि शेवटी स्वच्छ टाइप केलेलं वाक्य: वायसर पार खलास झालाय, नवाच टाकावा लागेल. बायकोचा पाय पायडलवरून उठलेला, डॉक्टर गप्प, बाहेरून मिस्त्री बोलतायत आणि बोटं आपली सवयीनं चालूच! डॉक्टरांनी घाईत सही ठोकली. दुसऱ्या दिवशी आजोबा हॉस्पिटलच्या खिडकीशी हजर. वायसर इथेच बसवून मिळेल की बाहेरून आणावा लागेल, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

टाइपिंगचं काम देणाऱ्या ऑफिसातल्या मॅडमचा बायकोला फोन आला. "घरी गडबड असेल तर ऑफिसात येऊन बसा. पुन्हा असं झालं तर मला काम बंद करावं लागेल."

ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे सकाळी घर सोडायचं ते दिवेलागणीलाच परतायचं. बायको रात्री एवढंच म्हणाली, "चांगले इअरफोन बघा बरं, परवडतील असे. त्यानं भागलं तर भागलं."

मिस्त्रींना ते पटलं होतं. तरी दुकानाकडे जाताना पाय जड झाले होते, आणि त्याचं कारण त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. पूर्वी ते बाहेरून काही बोलले की पडद्याआडून उत्तर यायचं. कधी नुसतं "हो का?", कधी चांगली खरडपट्टी. गेली दोन-तीन वर्षं ते येईनासं झालं होतं. जेवायला समोर बसली की बोलायची, हसायची, पण पडद्याआड गेली की मुकीच. बायको आपल्या बडबडीला विटली, असा त्यांनी अर्थ लावला होता. विचारायचा धीर झाला नाही. उलट ते आणखीच बोलू लागले, की एखाद्या वाक्याला तरी ती ओ देईल. आता तिच्या कानात बोंडं गेली की तीही आशा संपली.

घरी परतताना त्यांच्या मनात आलंच, की काळा जोड द्यावा दडपून. त्यातून आपला आवाज जाईल तिच्यापर्यंत. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पुन्हा घोळ झाला तर ती रोज दोन बस बदलून ऑफिसात जाणार, तेव्हा घरात बोलायला भिंतीच उरतील.

बायकोनं हातातलं काम बाजूला ठेवलं आणि परीक्षा सुरू झाली. ती आपल्या टेबलाशी बसली, मिस्त्रींनी पडदा सरकवून ठेवला आणि बोंबल्या चालू केला.

आधी काळा जोड. मिस्त्री आपल्या टेबलापासून म्हणाले, "याच्या मालकिणीनं यात दगड वाटले असणार." आणि मिक्सर बंद केला.

"याच्या मालकिणीनं यात दगड वाटले असणार," बायकोनं शब्दन् शब्द म्हणून दाखवला. "मिक्सर तर कानात बसल्यासारखा वाजतोय."

"शक्यच नाही! दुकानात मला चिडीचूप होतं."

"असेल. मला नाही."

मग तीन टोप्यांचा. त्यात मिक्सर बराच दबला, मिस्त्रींचं बोलणंही अर्धंमुर्धंच पोचलं. पण डॉक्टर रांजणात तोंड घालून बोलल्यासारखे येत होते आणि मान हलली की वायर पदराला घासून खरखरत होती. "तासाभरात डोकं उठेल," ती म्हणाली आणि तो जोड काढून ठेवला.

शेवटी स्पंजचा. तिनं बोंडं चिमटीत दाबली, कानात घातली आणि ती फुगेपर्यंत वाट पाहिली. मिक्सर सुरू झाला. मिस्त्री काहीतरी बोलले. ती शांतपणे पडद्याकडे पाठ करून बसलेली. ते आणखी मोठ्यानं बोलले. काही नाही. तेव्हा, ऐकू जात नाहीच म्हटल्यावर, त्यांनी मनातलं विचारून टाकलं. "तू कंटाळलीस का गं मला?"

मग त्यांनी मिक्सर बंद केला. ती बोंडं काढत हसतमुखानं वळली. "हाच! डॉक्टर कसे अगदी शेजारी बसून बोलतायत. बाकी काही नाही. तुम्ही काही म्हणालात का?"

"छे. असंच आपलं."

जोड ठरला, काम वाचलं. पण मिस्त्रींच्या डोक्यातून काळा जोड जाईना. आपल्या कानांना तिन्ही सारखे आणि हिला तिन्ही वेगळे, असं कसं? पुन्हा बघावं म्हणून त्यांनी तो उचलला, मिक्सर सुरू केला आणि वायरीचा गुंता सोडवत बसले. थोड्या वेळानं पाहतात तो बायको मधल्या दारात उभी. तिनं येऊन प्लग काढला.

"मी तीनदा विचारलं, चहा टाकू का म्हणून."

"अगं, कानात हे आहेत ना."

"कानात कुठे? हातात आहेत तुमच्या."

मिस्त्रींनी हाताकडे पाहिलं. गुंता अजून सुटलेला नव्हता.

ती त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. मिक्सर बंद, खोली शांत. मिस्त्री वाट पाहत राहिले आणि शेवटी म्हणाले, "बोल की."

"बोलले. डाव्या बाजूनं दोनदा बोलले." ती आता उजवीकडे आली होती.

मिस्त्रींचा हात डाव्या कानाकडे गेला. चालत्या मोटरला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ डाव्या कानामागच्या हाडाला टेकवायची आणि आतलं दुखणं ऐकायचं, ही त्यांची उभ्या आयुष्याची रीत. मोटरी हाडांतून ऐकू येत राहिल्या; माणसं कधी कमी ऐकू यायला लागली, ते त्यांना कळलंच नाही.

त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे मी इकडून बोलायचो, तेव्हा तू…"

"उत्तर द्यायचे की! दर वेळी पायडलवरचा पाय उचलून. म्हणून तर तो वायसरचा घोळ झाला."

"मला वाटलं, तू कंटाळलीस."

"आणि मला वाटलं, तुम्हाला माझ्या उत्तराची गरजच उरली नाही. मी बोलत असायचे आणि तुमची गाडी आपली पुढे. दोन-चारदा तर चांगली भांडलेसुद्धा पडद्याआडून. तुम्ही उलटून बोलला नाहीत. म्हटलं, चला, वयानं माणूस निवळला!"

मिस्त्रींना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. एवढी वर्षं ती बोलत होती. आपण ज्याला शुकशुकाट समजलो, तिथे दर वेळी उत्तर होतं. कान गेल्याचं दुःख होतंच, पण त्या क्षणी ते या आनंदाखाली पार दबून गेलं.

"कानाच्या डॉक्टरांकडे जायचं," बायको डोळे पुसत म्हणाली. "त्यांचे रिपोर्ट मीच टाइप करते. तुमचाही माझ्याच हातून जाईल."

"मग त्यात पदरचं काही घालू नकोस."

"मागच्या वेळी पदरचं तुम्ही घातलं होतं!"

स्पंजचा जोड ठेवायला मात्र ती का कू करू लागली. "हे घातले तर तुमचं काहीच ऐकू येणार नाही हो."

"नको येऊ दे. काम टिकलं पाहिजे, आणि तू घरात दिसली पाहिजेस. माझं काय, मी साठवून ठेवीन."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री खरंच गप्प बसले. बोंबल्याचं बेअरिंग काढताना तोंड उघडलं आणि मिटलं. बाहेरून हाक मारणाऱ्या शेजाऱ्याला वाटलं, रेडिओ बिघडला. पडद्याआड टाइपिंगची बोटं मध्येच न अडखळता चालली होती, हे मिस्त्रींना पडदा किंचित सरकवल्यावर दिसलं. त्यांनी तो पुन्हा नीट ओढून घेतला.

दुपारी बायको बाहेर आली. मान मोडत तिनं बोंडं डबीत ठेवली आणि कोपऱ्यातलं स्टूल उचलून टेबलाच्या उजव्या बाजूला, मिस्त्रींच्या खांद्याशी आणून ठेवलं.

"किती साठलंय? सांगा."

"आधी तू सांग. काम कसं झालं?"

"झटपट झालं. चूक एकही नाही." ती थोडी थांबली. मग त्यांच्या उजव्या कानाशी वाकून म्हणाली, "पण सकाळपासून तुमच्या बडबडीवाचून चुकल्यासारखं होत होतं हो."

मिस्त्रींना पहिल्याच खेपेला स्वच्छ ऐकू आलं. तरी त्यांनी कानामागे हात धरला आणि म्हणाले, "काय म्हणालीस?"

ती आणखी जवळ वाकली आणि तेच पुन्हा म्हणाली.