सोराइदाची खडूची रेघ

"रविवारी चर्चमधली मिसा सुटली की बायामोन शहरातून गिऱ्हाईक येतंय," एफ्राइनने सोमवारी बहिणीला सांगितलं. "तोवर गाडी स्वतःच्या दमावर टेकडी चढून बाबांच्या दारात उभी राहिली, तर तुझी. नाहीतर विकली म्हणून समज."

सोराइदा शाळेची बस चालवते, वाद घालण्यात वेळ दवडत नाही. तिने आपल्या पडवीत उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं.

गाडी त्यांच्या वडिलांची, लाल, बुटकी, दोन दारांची. म्हाताऱ्याने ती दोन्ही मुलांच्या नावावर करून दिली आणि तेव्हापासून दोघांचं बिनसलं. एफ्राइनकडे वर्षभर होती. चढावर आली की खोकायची आणि बंद पडायची. सोराइदाचं म्हणणं, ठिणगी कमजोर पडतेय. ठिणगीला जोर देणारी जुनी कॉइल काढून नव्या गाडीची दणकट कॉइल बसवायची.

मी शेजारी राहतो. ती सहावीत असताना तिला विज्ञान शिकवलं, म्हणून अजून मला मास्तरच म्हणते. या गाडीचं इंजिन रोटरी. त्यात पिस्टन नसतात, फुगीर त्रिकोण गरगर फिरतात, आणि प्रत्येकापाशी दोन प्लग असतात. खालचा आधी पेटतो, वरचा त्याच्या किंचित मागून. सोराइदा खालच्या प्लगांची व्यवस्था बदलत होती. वरच्या प्लगांची जुनीच राहणार होती. सोमवारी संध्याकाळी एकटीने बसून तिने नवी कॉइल आणि तिचा मेंदू, म्हणजे तळहाताएवढी एक डबी, अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवली आणि ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधून येणाऱ्या दोन बारीक वायरी डबीला जोडल्या.

मंगळवारी चावी फिरवली. सायलेन्सरमधून असा बार निघाला की समोरच्या अंगणात डोमिनो खेळणाऱ्यांच्या सोंगट्या आडव्या झाल्या.

मग काय, मदतीला गावच लोटलं. आमच्या मोका गावात रोटरी दिसली की माणसाचे हात खिशात राहत नाहीत. पोस्टमन चेगो टपाल द्यायला आला आणि तिला न विचारताच वरच्या प्लगांच्या वायरी अदलाबदल करून मोकळा झाला.

"माझ्या गाडीला अशाच होत्या गं!"

"तुझ्या गाडीचं पोरांनी कोंबड्यांचं खुराडं केलंय, चेगो."

"पण चालत होती तेव्हा काय चालायची!"

बुधवारी न्हावी मिल्तोन आला. त्याने कार्बुरेटरचा स्क्रू फिरवला आणि किती फिरवला ते विसरला. गुरुवारी सोराइदा बस घेऊन गेलेली असताना कुणीतरी गाडी सावलीत घ्यावी म्हणून चालू केली, दोन हात मागे घेतली आणि गार इंजिन तसंच बंद केलं. आत पेट्रोल तुंबलं. तिने परतून चावी फिरवली तर गाडी नुसतीच गुरगुरली.

"कोण होतं?" तिने रस्त्यावर उभं राहून विचारलं.

डोमिनोच्या टेबलावरून एकानेही मान वर केली नाही.

चारही प्लग काढून, पुसून, वाळवून तिने परत बसवले. रोज बसवरून आली की कुणी काय हलवलं ते शोधायचं आणि मूळ जागी आणायचं. शुक्रवारी ती माझ्या दारात आली. बोटं काळी, डोळे लाल.

"मास्तर, खडू आहे?"

पडवीच्या तोंडाशी तिने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाड पांढरी रेघ ओढली.

"या रेघेच्या आत जो पाय टाकेल, त्याचं टपाल, दाढी, नातं, सगळं बंद. तुम्हीसुद्धा, मास्तर."

"मी काय केलं?"

"अजून काही नाही. पण तुमचेही हात शिवशिवतायत."

खोटं नव्हतं ते. मी रेघेबाहेर खुर्ची टाकून बसलो.

शनिवारी तिने इतरांनी हात लावलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा तपासली. प्लगांच्या वायरी जोडणीच्या आकृतीच्या कागदाशी ताडून पाहिल्या. कार्बुरेटर मूळ जागी आणला. चावी फिरवली.

पुन्हा बार.

आता दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं. तिने पाना भिंतीवर फेकला, तो उचलला आणि परत फेकला. ठिणगी कधी पडते ते कळावं म्हणून तिच्याबरोबर लुकलुकणारा दिवा इंजिनाच्या पुलीवरच्या खुणेवर धरून ती डिस्ट्रिब्युटर थोडा थोडा फिरवत राहिली. खालच्या प्लगांची वेळ जुळली की वरच्यांची बिघडे. वरची जुळली की खालची उशिरा.

"विकून टाक," चेगो रेघेबाहेरून म्हणाला. "त्यापेक्षा गाढव बरं."

"गाढवाचे कान तूच पिळायला येशील!"

रविवारी सकाळी चर्चची घंटा झाली. सोराइदा मिसेला गेली नाही, मीही नाही. ती बंपरवर डोकं टेकून बसली होती.

"मास्तर, सगळं तपासलं हो. सगळं!"

"काय काय?"

तिने बोटांवर मोजलं. चेगोच्या वायरी, मिल्तोनचा स्क्रू, गुरुवारचे प्लग, बॅटरी.

"ही झाली दुसऱ्यांनी बिघडवलेली कामं," मी म्हटलं. "सोमवारी इथे कोण होतं?"

"कुणीच नाही. मी एकटी."

"आणि ते काम तपासलंस?"

"ते कशाला? ते तर मीच..."

मग ती रागारागाने उठली, विजेरी घेऊन डबीवर वाकली. लाल वायर, हिरवी वायर. तिने कागद उलगडला, पाहिला, पुन्हा पाहिला. नंतर माझ्या शाळेत कुणाच्या तोंडातून निघाले असते तर दिवसभर उभं केलं असतं, असे शब्द ऐकू आले. वायरी उलट्या होत्या. उलट्या जोडल्या तरी ठिणगी पडते, म्हणून संशय येत नाही. फक्त ती उशिरा पडते.

"तुम्हाला माहीत होतं!"

"नाही गं. रेघेबाहेरून वायरींचे रंग कसे दिसणार?"

वायरींची अदलाबदल करून, दिवा धरून तिने डिस्ट्रिब्युटर पुन्हा जुळवला. या खेपेला खालच्या-वरच्या दोन्ही प्लगांच्या वेळा एकदम जुळल्या. तेवढ्यात एफ्राइनची गाडी दारात थांबली आणि तिच्यातून इस्त्रीच्या सदऱ्यातलं गिऱ्हाईक उतरलं. सोराइदाने त्यांच्याकडे बघितलंही नाही. लाल गाडी खडूच्या रेघेवरून मागे आली, वळली आणि टेकडीच्या रस्त्याला लागली.

"आता तर मला ही हवीच," गिऱ्हाईक म्हणालं.

"थांबा हो. अर्ध्यात बसेल बघा," एफ्राइन म्हणाला, पण कान तिकडेच होते.

डोमिनो थांबला. आवाज पहिल्या वळणावर घुमला, फणसाच्या झाडांमागे दबला, वरच्या वळणावर पुन्हा खणखणला. मग एकाएकी काहीच ऐकू येईना. एफ्राइनने गिऱ्हाइकाकडे पाहून हात पसरले.

त्याचा फोन वाजला.

"अरे एफ्राइन," म्हातारा एवढ्या मोठ्याने बोलत होता की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, "तुझी बहीण दारात गाडी लावून आत बसलीय. उतरत नाही. कुठल्या तरी दोन वायरींना शिव्या घालतेय. कॉफी टाकू की पाद्रीबाबांना बोलावू?"

एफ्राइनने फोन खिशात घातला. गिऱ्हाइकाला मोटारीत बसवलं आणि दार जरा जोरातच लावलं.

चेगो मात्र पडवीपाशी घुटमळत होता. बुटाच्या टोकाने रेघेचा कोपरा पुसत त्याने मला हळूच विचारलं, "मास्तर, कार्बुरेटरचा आवाज जरा जाडच वाटला, नाही? ती आली की एकदा बघू का?"