आधीच उकरलेली जमीन

आमचं बाथरूम वरच्या मजल्यावर आहे. मध्ये सतरा पायऱ्या. हिवाळ्यात आई नवव्या पायरीवर गुडघा धरून बसून राहिली, तेव्हा बाबांनी मागच्या अंगणात बाथरूम बांधायचं ठरवलं.

पण आमच्या गल्लीखाली एका प्राचीन वस्तीच्या भिंती आहेत. चाळीस सेंटिमीटरपेक्षा खोल खणायला मनाई आहे आणि सांडपाण्याच्या पाइपला साठ लागतात. चाळीसचा आकडा माझाच. वारसा विभागात मी मातीचे नमुने तपासते. नियम ठरताना साहेबांनी मला विचारलं होतं, मी मोजून सांगितलं होतं.

"लेक ऑफिसात आणि बाप रांगेत," बाबा म्हणाले. "दिव्याखाली अंधार."

"घरचं प्रकरण मला हाताळता येत नाही, बाबा. साहेब स्वतः पाहणीला येतील."

"येऊ देत. परका माणूस तरी वीस सेंटिमीटर सोडेल."

कुंपणापलीकडच्या मास्तरांनीही त्याच आठवड्यात अर्ज केला. ते एकटे राहतात, पायऱ्या त्यांनाही सतराच. चाळीस वर्षांपूर्वी अंगणात हौद खणताना त्यांना हातभर खोलीवर घडीव दगड लागले. त्यांनी काम थांबवलं, माती परत लोटली आणि सरकारला पत्र लिहिलं. गल्ली संरक्षित झाली ती त्या पत्रामुळे.

साहेब टेप घेऊन आले. अंगण मोजून म्हणाले, "अपवाद एकच आहे. जमीन पूर्वीच खोल उकरली गेली असेल, तर परवानगी देता येते. पुरावा लागेल."

बाबा एकाएकी कुंपणावरची वेल न्याहाळू लागले.

"अहो, सांगा की," आई म्हणाली. "तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे काय उभे आहात?"

"काय सांगू?"

"मास्तरांनी हौद बुजवला, त्याच उन्हाळ्यात तुम्ही पहार घेऊन आपल्या अंगणातला हौद पुरा केलात ते."

"तेव्हा नियम कुठे होता?" बाबा साहेबांकडे वळले. "दगड आडवे आले, काढले. पुढे नळ आले, हौद बुजवला. संपलं!"

"पुरावा?"

आईने धुण्याच्या दगडाकडे बोट केलं. "हा काय. चाळीस वर्षं चादरी आपटतेय याच्यावर."

साहेब उकिडवे बसले. दगडाच्या कडेला छिन्नीच्या समांतर खुणा होत्या. लहानपणी रुसले की मी त्याच दगडावर बसायचे. जमिनीखालचं ओळखण्याची मला पदवी आहे.

"उत्तम!" साहेब म्हणाले आणि लगेच खोकले. "म्हणजे, फार वाईट झालं. पण परवानगी मिळेल."

माझ्याऐवजी एका सहकाऱ्याने आमच्या अंगणात नळी ठोकून मातीचा नमुना काढला. दीड मीटरपर्यंत विटांचे तुकडे आणि एक गंजका डबा. भिंतीचं नावही नाही. आमचा अर्ज मंजूर झाला.

मास्तरांचं प्रकरण घरचं नव्हतं, म्हणून ते माझ्या टेबलावर आलं. त्यांच्या अंगणात भिंत शाबूत होती. मी लिहिलं: आपल्या जागेतील अवशेष उत्तम स्थितीत असल्यामुळे अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. मसुदा दोनदा वाचला. चूक सापडली नाही.

मास्तरांनी पत्र कुंपणाशी उभं राहून वाचलं. "उत्तम," ते म्हणाले. "जन्मभर दुसऱ्यांना शेरे दिले. मला पहिल्यांदाच मिळाला."

"तरी मी तेव्हा म्हणत होतो," बाबा पुटपुटले, "पत्रबित्र लिहू नका."

"आणि मी म्हणत होतो, पहार खाली ठेवा," मास्तर म्हणाले.

आई बाबांकडे पाहत होती. "बाथरूमला दोन दारं करायची," ती म्हणाली. "एक मास्तरांच्या बाजूला. कुंपण तिथे तोडा."

"त्याला परवानगी लागेल," बाबा म्हणाले आणि आशेने माझ्याकडे पाहिलं.

मी नियमावली पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. दाराला खणावं लागत नाही.

धुण्याचा दगड क्रमांक लावून संग्रहालयात गेला. आई आता बादलीत धुते आणि आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असं कुरकुरते. रोज सकाळी सात वाजता मास्तर टॉवेल घेऊन त्यांच्या दाराने आत जातात, कडी लावतात आणि बराच वेळ घेतात. दुसऱ्या दाराशी बाबा उभे असतात, रांगेत.