टोपीचं क्रियापद

मित्रांनो, मी एक जुनी लोकरीची टोपी आहे. कोपरीच्या फुटपाथवर स्वेटरांच्या ढिगात पडलेली असताना उत्तरा मॅडमनी मला उचललं. वाटलं, आता कुणाच्या तरी डोक्यावर मिरवू. कसलं काय! मॅडम डोंबिवलीत जपानी शिकवतात. त्यांनी मला मोजे आणि सदऱ्याबरोबर पिशवीत कोंबलं आणि वर्गात नेलं.

फळ्यावर त्या 'वेअर' हा इंग्रजी शब्द लिहीत आणि आम्हाला एकेक करून वर धरत. जपानीत सदरा अंगात घालायचा तर 'किमास', मोजे पायात घालायचे तर 'हाकिमास' आणि मी डोक्यावर, म्हणून 'काबुरिमास'. पण मुलं एक 'किमास' पाठ करत आणि सगळ्यांना तोच लावत. मी हातोहाती फिरून विटले, माझा गोंडा तुटला, तरी मला माझं क्रियापद काही मिळेना.

आंबिवलीहून येणाऱ्या अक्षदाला जपानमध्ये वृद्धांची देखभाल करायच्या नोकरीवर जायचं होतं. मोठी कष्टाळू मुलगी. पण ऑनलाइन मुलाखतीत समोरच्या बाईंनी विचारलं, "थंडीत बाहेर पडताना काय घालशील?" अक्षदा गडबडली. टोपीला म्हणाली 'किरिमास'. म्हणजे टोपी कापते! त्या बाईंना हसू आवरेना. पुढचं अक्षदाला काहीच सुचलं नाही. निवड हुकली.

"अगं, किती वेळा सांगू?" मॅडमनी मला टेबलावर आपटलं.

"मॅडम, इंग्लिशमध्ये सगळ्याला एकच वेअर आहे ना? मग जपानीतच एवढे शब्द कशाला लागतात?" तिचे डोळे भरले. "मला नाही जमणार. सोडते मी."

मला दोघींचाही राग आला. चूक त्यांची, आपटलं मला!

पुढच्या आठवड्यात अक्षदा पुस्तकं परत करायला आली. बहिणीच्या साखरपुड्याहून थेट आली होती.

"छान दिसतेस गं. आज साडी घातलीस?" मॅडम म्हणाल्या.

"घातली नाही मॅडम, नेसले. घातली म्हटलं की मम्मी चिडते. साडी म्हणजे काय गाऊन आहे का, म्हणते."

मॅडमनी लगेच विचारलं, "आणि टिकली?"

"लावली."

"गजरा?"

"माळला."

"मग तू इंग्रजीला विचारायला कशाला जातेस? आणि मी तरी काय, रोज वेअर लिहीत बसते!" मॅडमनी फळा खसाखसा पुसला.

अक्षदाने मला उचललं. गजऱ्यावरच चढवलं आणि हळूच म्हणाली, "काबुरिमास."

पुस्तकं परत न करता तिने पुन्हा घरी नेली. दुसऱ्या मुलाखतीत तिची निवड झाली. आता ती जपानमध्ये आहे.

मी मात्र इथेच, पिशवीत. कालच नव्या वर्गातल्या एका मुलीने मला हातात घेतलं आणि मोठ्या ऐटीत म्हणाली, "किमास!"

मित्रांनो, मला धुऊ नका, माझा गोंडा शिवू नका, चालेल. पण परका शब्द तोंडात घेताना थोडं थांबा. वस्तू कुठे जाते, कशी जाते, ते बघा. आपण घरी किती निरनिराळं बोलतो ते आठवा. अहो, असंच चाललं तर उद्या तुम्ही मला 'हाकिमास' म्हणाल आणि पायात घालाल!