दोन टोकांचे बाकडे

मी एक जुने बाकडे आहे, मित्रांनो. हमरस्त्याच्या वळणावर चहा-नाश्त्याचे एक हॉटेल आहे. तिथे खिडकीखाली माझी जागा. लाकूड माझे उत्तम, पण सुतार घाईचा. त्याने माझे पाय टोकांना न लावता पार मध्याजवळ बसवले. त्यामुळे एका टोकाचा माणूस उठला, की दुसऱ्या टोकाचा धपकन खाली! पहिल्याच दिवशी एक जाडजूड पाहुणे बशीसकट जमिनीवर आले. मला वाटले, आता माझी रवानगी चुलीत. पण मालकीणबाई पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "राहू दे. बसणाऱ्यांना शिस्त लागेल."

आणि लागली! "उठतोय हं!" असे सांगितल्याशिवाय माझ्यावरून कुणी उठेना. किती प्रवासी आले, टेकले, निवले आणि गेले. माझ्या कडा झिजून मऊ झाल्या. मग नव्या खुर्च्या आल्या, आणि माझ्या पाठीवर रिकाम्या बाटल्यांचे खोके चढले.

तीन बालमैत्रिणी मात्र येताच खोके उतरवून माझ्यावरच बसत. एक टेलरबाई, एक नर्सबाई, आणि तिसरी बस चालवणारी. आवाजामुळे तिचे नाव पडले भोंगा. दोन वर्षांपूर्वी त्यांचे येणे थांबले. टेलरबाईंच्या लेकीच्या लग्नातून नर्सबाई न जेवता, न सांगता निघून गेल्या होत्या. तेव्हापासून दोघींत अबोला.

गेल्या रविवारी भोंगाने नर्सबाईंना आणून माझ्या एका टोकाला बसवले, दुसऱ्या टोकाला स्वतः बसली. थोड्या वेळाने टेलरबाई दारात आल्या. त्यांनाही तिनेच बोलावले होते, दुसरीचे नाव न सांगता! "बस गं, मी नाश्ता सांगून येते," म्हणत तिने त्यांना आधी आपल्या शेजारी दाबून बसवले, मग उठून पसार झाली.

दुसऱ्या टोकाला कोण आहे ते दिसताच टेलरबाई लालबुंद झाल्या. पण उठायचे कसे? नर्सबाईंच्या हातात वाफाळता चहा.

"उठतेय," टेलरबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. दोन वर्षांतला पहिला शब्द!

"थांब गं, कप ठेवू दे."

"मी निदान सांगून तरी उठतेय. तू सांगितलं होतंस?"

नर्सबाईंनी कप टेबलाकडे नेला. मी श्वास रोखला. हा कप टेबलावर टेकला, की मैत्री संपली.

"कसं सांगू?" त्या हळूच म्हणाल्या. "तू शिवलेला ड्रेस भर हॉलमध्ये पाठीवर उसवला. मी सगळ्यांना कौतुकाने सांगत होते, हिने शिवलाय. लोक तुलाच हसले असते, तेही लेकीच्या लग्नात. म्हणून शाल गुंडाळली आणि पळाले."

टेलरबाई भिंतीकडून वळल्या. मग अशा हसल्या, की मी करकरले.

"अगं वेडाबाई! माझ्या पर्समध्ये सुईदोरा असतो. दोन टाके घातले असते! फेकलास की काय तो ड्रेस?"

"फेकेन कशी? कपाटात आहे."

टेलरबाईंनी चष्मा पुसला. "उद्या दुकानात घेऊन ये. आणि माप नव्याने घेईन. सुटलीयेस चांगली!"

"आणि तू काय छडी आहेस?"

आतून भोंगा ओरडली, "भांडण संपलं असेल तर ताटं आणू का?"

मित्रांनो, मी लाकडाचे. मला कुणी सावरून घेईल तेवढेच माझे आयुष्य. तुमचे तसे नाही. तुमच्यात काही उसवलेच, तर ते शालीखाली झाकून दूर जाऊ नका. ज्या हातांनी शिवले, त्या हातांकडेच घेऊन जा.