जवसाच्या फुलाचा काठ

भारतीनं जुनी साडी पलंगावर पसरली, काठाची घडी सरळ केली आणि मोबाइल उंच धरून तीन फोटो काढले. तिचे सासरे बाबनराव खुर्चीतून पाहत होते. काठाच्या करवतीसारख्या दात्यांमध्ये विणलेलं जवसाचं बारीक निळं फूल पंचेचाळीस वर्षांनंतरही उठून दिसत होतं.

"मामाजी, याच साडीले बक्षीस मिळालं होतं ना?"

"हो," ते म्हणाले आणि खिडकीकडे पाहू लागले.

बायको वच्छलाबाई गेल्यावर बाबनरावांनी बोलणंच टाकलं होतं. त्यांना बोलतं करायचं म्हणून सुनेनं ब्लॉग सुरू केला. इतवारी बाजारामागच्या विणकरांच्या गल्लीत दिवसभर खडखडणारे माग, रंगाच्या कढया, पोळ्याच्या आधीची घाई, असं काहीबाही ते सांगत आणि दर रविवारी भारती ते लिहून काढी. वाचणारेही निघाले. जन्मात पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं त्या खाप्याच्या जुन्या दोस्तानं, भूपेशनं, खाली आपला नंबर लिहिला. आता दोन दिवसांआड त्याचा फोन येई आणि दोघं म्हातारे तासभर खिदळत.

साडीचे फोटो ब्लॉगवर गेले. संध्याकाळी भारती लोकांचे अभिप्राय वाचून दाखवत होती. एका जागी ती थांबली.

"उमरेडची कोणी माया आहे. लिहिते, 'माझे वडील धोंडबा तुमच्याच गल्लीत विणायचे. मी चार वर्षांची असताना ते वारले. घरात त्यांचा एकही फोटो नाही. बाबनकाकांकडे असेल का?'"

बाबनरावांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"आहे का फोटो, मामाजी?"

"नाही."

"मग तसं कळवते."

"थांब. आज काही लिवू नको."

दुसऱ्या दिवशी त्यांचा चहा निवून गेला. भूपेशचा फोन वाजून वाजून बंद झाला. दुपारी भारती शाळेतून शिकवून परतली तेव्हा ते दारातच उभे होते.

"लिव, बाई. तो काठ धोंडबाचा आहे. आमचे माग शेजारी होते. फूल त्यानं काढलं, साडी त्यानं विणली. शेठनं प्रदर्शनात पाठवताना माझं नाव टाकलं. म्हणे, त्याच्या जातीचं नाव चालणार नाही. अन् मी गप्प राहिलो. हार घालून घेतला, साडीही मीच घरी आणली."

भारतीनं पर्स खाली ठेवली.

"मामाजी, हे सगळे वाचतील. भूपेशकाकाही."

"वाचू दे. जसं सांगून राहिलो तसंच लिव."

तिनं लिहिलं आणि खाली आपला नंबर दिला. मायाचं उत्तर आलं नाही. दोन दिवस बाबनराव दर तासाला विचारत आणि ती मान हलवी. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. माया होती. आईला बोलायचं आहे म्हणाली; भारतीनं फोन स्पीकरवर लावून बाबनरावांच्या हातात दिला.

"जय भीम, भाऊ. मी भीमाबाई."

बाबनराव खुर्चीतून उठून उभे राहिले.

"जय भीम, वहिनी. मी... मले तोंड नाही तुमच्याशी बोलाले."

"पोरीनं वाचून दाखवलं मले. दोनदा." भीमाबाई पुढे म्हणाल्या. "आमचं नवरा-बायकोचं या गोष्टीवरून लय भांडण होये, भाऊ. ते म्हणत, बाबन एक ना एक दिवस सांगन. मी म्हणो, काहून सांगन तो? कधीच नाही सांगत. ते गेले तरी मी म्हणतच होती."

भारतीनं खुर्ची पुढं सरकवली, पण ते बसले नाहीत.

"आता बोला," भीमाबाई म्हणाल्या. "पोर बाजूले बसून ऐकून राहिली. बाप कसा होता तिचा?"

"धोंडबा..." बाबनराव म्हणाले. "तो लय हसे, पोरी. धागा तुटला तरी हसे."

भारतीनं बाहेर येऊन दार हळूच ओढून घेतलं.