दोन बाजूंचं पेडल

माझ्यामुळे दादाच्या खांद्याचं हाड मोडलं, आणि पुढचे दहा आठवडे मी सगळ्यांना सांगत राहिले की कुत्रं आडवं आलं.

खोटं बोलायची मला तशी सवय आहे. मी तपासणी केंद्रात लोकांचं रक्त काढते. दिवसातून पन्नास वेळा 'मुंगी चावल्यासारखं वाटेल' म्हणते, आणि पन्नास माणसं माझ्याकडे दगा दिल्यासारखी बघतात. पण ते पोटापाण्याचं खोटं. हे घरातलं होतं.

दादा कारखान्यात टर्नर होता. बावीस वर्षं लेथवर उभा राहिला. मग त्याचे डोळे गेले. आधी कडेचं दिसेना, मग मधलंही धुरकटत धुरकटत संपलं. आता तो त्याच कारखान्यात तयार झालेले भाग बोटांनी तपासतो आणि डोळस माणसांच्या चुका काढतो. घराबाहेर पडला की कोणीतरी त्याचं कोपर धरतं आणि काचेचं भांडं न्यावं तसं त्याला नेतं. त्याचं त्याला डोकं उठतं. म्हणून सहा वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी जोडसायकल घेतली. पुढे मी, हँडल आणि ब्रेक माझ्या ताब्यात. मागे तो. रविवारी सकाळी शहराबाहेरच्या सरळ रस्त्याला लागलो की मागून आवाज येतो, "ठमे, झोपलीस का?" आणि तो असा जोर लावतो की मी नुसती हँडल धरून बसते. दादाला वेगाने जाता येईल अशी जगात तेवढी एकच जागा उरली आहे.

आमची पेडलं क्लिपची होती. बुटाच्या तळाला एक लोखंडी तुकडा स्क्रूने बसवलेला असतो, तो पेडलमध्ये अडकतो. पाय सोडवायचा तर टाच बाहेर वळवायची. कट असा आवाज होतो आणि पाय मोकळा. आमचं ठरलेलं होतं: थांबताना आधी मी डावा पाय काढून टेकायचा, मग दादाने त्याचा काढायचा.

माझ्या डाव्या बुटाचा एक स्क्रू सैल झाला होता. मला ते आदल्याच रविवारी जाणवलं होतं. घरी गेल्यावर आवळू म्हटलं आणि साफ विसरले. त्या दिवशी चौकातल्या सिग्नलला मी व्यवस्थित थांबले, टाच वळवली, तर बूट वळला आणि लोखंडी तुकडा जागच्या जागी. पुन्हा वळवली. तेच. सायकल हळूहळू डावीकडे कलली आणि आम्ही दोघं पोतं पडावं तसे पडलो. माझं नुसतं ढोपर सोललं. दादा खांद्यावर आपटला.

लोक धावले. कोणीतरी विचारलं, काय झालं हो? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कुत्रं आलं मध्ये."

एकदा बोलून बसले आणि मग तेच धरून ठेवलं. डॉक्टरांना कुत्रं, वहिनींना कुत्रं, शेजाऱ्यांना कुत्रं. सैल स्क्रू म्हणजे दादाच्या लेखी चोरीपेक्षा मोठा गुन्हा. त्याला कळलं असतं की मी सैल स्क्रू माहीत असून त्याला रस्त्यावर नेलं, तर तो पुन्हा माझ्या मागे बसला नसता. आणि पुढे बसणारं त्याला दुसरं कोणी नव्हतं. मी स्वतःला सांगायचे की मी हे त्याच्यासाठीच करते आहे. खरं तर त्याने माझ्यावरचा विश्वास काढून घेतला तर माझं काय होईल, याचीच मला धास्ती होती.

हाताची झोळी निघाली, डॉक्टरांनी परवानगी दिली, आणि दुसऱ्याच दिवशी दादाचा फोन आला. "शनिवारी दुकानात चल. पडताना दोन पेडलं वाकलीत. चारही बदलून टाकू."

मागून वहिनींचा आवाज आला, "पाय अडकवणारी नकोत म्हणावं. साधी सपाट आणा, नाहीतर ती सायकल विका."

दुकान एका मालकीणबाईंचं आहे. कमरेला खोचलेली चिंधी, चष्मा कपाळावर, नखांत कायमचं काळं ग्रीस. छताला टांगलेली चाकं चुकवत आम्ही आत गेलो. दादाचं डोकं एका चाकाला लागलंच; त्याने हात वर करून ते फिरवलं, कान दिला आणि म्हणाला, "ह्याचं बेअरिंग गेलंय." बाईंना माणूस तिथेच पसंत पडला.

त्यांनी गल्ल्यावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि पेडलच्या तीन जोड्या मांडल्या.

"वहिनी म्हणतात सपाट घ्या," मी म्हटलं.

"मला नाही चालणार," दादा म्हणाला. "आमची पेडलं एकमेकांना साखळीने बांधलेली आहेत. ही पुढे फिरवते तेव्हा माझी आपोआप फिरतात. सपाटावरून पाय निसटला तर पेडल सरळ नडगीवर बसतं. पहिल्या वर्षी झालंय दोनदा."

"मग क्लिपचीच घ्या, आहेत तशी," बाई म्हणाल्या. "पण आधी सांगा, पडलात कशाने? कुत्रंबित्रं आलं असेल तर त्यात पेडलचा दोष नाही. पाय सुटला नाही म्हणून पडला असाल, तर ताईंसाठी वेगळा विचार करावा लागेल."

दादा म्हणाला, "ते हिलाच विचारा. दिसतं तिला."

कुत्रं म्हटलं असतं तर त्यांनी तीच पेडलं काढून दिली असती, आणि पुढच्या रविवारी मी पुन्हा दोन्ही पाय अडकवून, पाठीशी भावाला घेऊन त्याच चौकात उभी राहिले असते. लाल दिव्याला तीच टाच वळवायला गेले असते. हे मला जमणार नाही, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं.

"कुत्रं नव्हतं," मी म्हटलं. "माझा पाय सुटला नाही. बुटाचा स्क्रू सैल होता. आधीच्या रविवारपासून माहीत होतं मला."

बाई शहाण्या. त्यांना एकाएकी मागच्या खोलीत काहीतरी शोधायचं काम निघालं.

दादा पेडल हातात फिरवत होता. तो म्हणाला, "कुत्रं नव्हतं हे मला रस्त्यावरच कळलं होतं. कुत्रं आलं असतं तर कचकन ब्रेक लागला असता. तू तर छान थांबवली होतीस."

"मग बोलला का नाहीस?"

"तू आणलेलं कुत्रं मी कशाला हाकलू? कधीतरी आपणहून नेशील म्हटलं."

मला रडू आलं आणि रागही आला. दहा आठवडे हा माणूस मला माझ्याच रसात शिजू देत होता.

"स्क्रूचा राग आला ना?" मी विचारलं.

"स्क्रूचं आत्ता कळलं. आला. अजून थोडा वेळ राहील." त्याने पेडल खाली ठेवलं. "पण ठमे, सहा वर्षांत तू हजार वेळा थांबली असशील. एकदा पडलो. डोळे गेल्यावर लोकांनी मला बसायला खुर्च्या दिल्या. तू सायकल दिलीस. ते मी विसरेन होय?"

बाई परतल्या तेव्हा मी नाक पुसत होते. त्यांनी तिसरी जोडी पुढे सरकवली. एका बाजूला सपाट, बुटाला पकड यावी म्हणून बारीक खिळे असलेलं. उलटवलं की दुसऱ्या बाजूला क्लिप. "गावात सपाट बाजू, मोकळ्या रस्त्याला क्लिप," त्या म्हणाल्या. "काका क्लिपचीच घेतील. ताईंनी ही घ्यावी."

"पण कुठली बाजू वर आहे हे दर वेळी खाली बघावं लागणार," मी कुरकुरले.

दादाने दोन बोटांनी दांडा धरून पेडल लोंबतं सोडलं, गरगर फिरवलं, थांबू दिलं. पुन्हा फिरवलं. "जड बाजू दर वेळी त्याच जागी येते. पायाला कळेल. आणि तसंही तू खाली बघतेसच. तू बघितलंस की हँडल हलतं, मला मागे कळतं. आता ती सवय सोड."

म्हणजे डोळस मी, आणि न बघता कसं चालवायचं हे मला दादाने शिकवायचं. पुढचे आठ दिवस मी दादाच्या अंगणात उभ्या सायकलवर बसून पाय ठेवायचा सराव करत होते आणि तो शेजारी बसून दर वेळी सांगत होता, "बघितलंस." त्याला कसं कळायचं देव जाणे. बुटाचे स्क्रू त्याने स्वतः आवळले, तेही तीन तीनदा.

पहिल्याच संध्याकाळी मी वहिनींनाही खरं सांगून टाकलं. त्या भांडी पुसत होत्या. म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. ह्यांनी मला कुत्र्याचा रंग काळा सांगितला, तेव्हाच समजले." मग त्यांनी माझ्या हातात फडकं दिलं आणि उरलेली भांडी मला पुसायला लावली. एवढ्यावर भागलं. ह्या घराने मला किती स्वस्तात सोडलं, ते आठवून अजूनही मला गहिवरून येतं.

रविवारी निघालो. माझा उजवा पाय क्लिपमध्ये, डावा सपाट बाजूवर. तो चौक आला आणि नेमका दिवा लाल झाला.

"थांबतेय," मी म्हटलं. ब्रेक दाबला, डावा पाय उचलला, रस्त्यावर टेकवला. इतकं सोपं झालं की मला हसूच आलं. मग मागून कट आवाज यायची वाट पाहिली.

आवाज आला नाही.

"दादा, पाय काढ."

"कशाला?"

"थांबलोय आपण."

"कळलं ना. तू टेकलीस तेही कळलं."

मी मान वळवून पाहिलं. त्याचे दोन्ही पाय क्लिपमध्येच होते आणि हात मांडीवर होते. मी ढळले असते तर तो पुन्हा त्याच खांद्यावर पडला असता, आणि स्वतःला सावरायला त्याच्याकडे काही नव्हतं. पूर्वी, मी एकदाही पडले नव्हते तेव्हा, तो दर सिग्नलला पाय काढायचा.

त्याचा, सायकलचा आणि माझा सगळा भार माझ्या एका पायावर आला होता. मांडी भरून आली होती. देवाने मला हा भाऊ दिला याबद्दल मी त्या चौकात, गाड्यांच्या गर्दीत, मनापासून हात जोडले असते, पण हात ब्रेकवर होते. मी टाच घट्ट रोवली आणि दिवा हिरवा होईपर्यंत आम्हा दोघांना उभं धरून ठेवलं.